शिल्पावर उजेड कुठून टाकायचा? (घरात आणि उघड्यावर)

ओली माती

नमस्कार मंडळी. गेले तीन महिने या एकाच गोष्टीने मला झपाटलंय, म्हणून हा धागा.

भाजलेल्या मातीचं एका म्हातारीचं डोकं केलं. उंची जेमतेम ४० सेंटीमीटर, रंग नाही, झिलई नाही. खिडकीशेजारी बसून काम केलं, त्यामुळे रोज डावीकडून येणारा उजेड तिच्या तोंडावर असायचा. भट्टीतून तडा न जाता बाहेर आलं आणि हौसेने बैठकीच्या खोलीत स्टँडवर ठेवलं. बरोबर डोक्यावर छतातला गोल दिवा. संध्याकाळी बटण दाबलं आणि काळजात चर्र झालं. डोळ्यांच्या जागी दोन खळगे, नाकाखाली मिशी असावी तशी सावली, कपाळ पांढरंफटक. तोंडाभोवतीच्या ज्या सुरकुत्यांसाठी मी आठवडेच्या आठवडे घालवले, त्या साफ पुसलेल्या. ही माझी म्हातारी नव्हतीच.

रात्री सगळे दिवे बंद केले आणि टॉर्च हातात घेतला. समोरून धरला तर चेहरा चपटा, ओळखपत्रावरच्या फोटोसारखा. खालून धरला तर भीती वाटावी असा. मग डावीकडे, डोक्याच्या हातभर वर आणि थोडा पुढे नेला, आणि ती परत आली. भुवईखाली डोळा दिसायला लागला, गालाचं हाड उठून आलं. जबड्याखाली माझ्याच अंगठ्याचा ठसा राहून गेला होता, तोही पहिल्यांदाच दिसला.

तेव्हापासून एक नियम केलाय. सावली कुठे पडायला हवी ते आधी ठरवायचं, दिव्याचं नंतर बघायचं. आपल्याकडून नेहमी उलटं होतं. छतात दिवे आधी बसतात आणि शिल्प बिचारं त्यांच्याखाली जाऊन उभं राहतं.

हे दुखणं किती मोठ्या कलावंताच्या वाट्याला आलंय बघा. वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकातली बसलेली संगमरवरी मूर्ती डॅनियल चेस्टर फ्रेंच यांची, १९ फूट उंच. स्मारक १९२२ मध्ये खुलं झालं. वरून उजेड झिरपावा म्हणून छताचे संगमरवरी तक्ते पॅराफिनमध्ये मुरवले होते. पण तो उजेड पुरेना. उलट समोरच्या मोठ्या दारातून, बाहेरच्या पाण्यावरून आणि फरशीवरून उसळलेला उजेड खालून चेहऱ्यावर यायचा आणि विचारात गढलेला माणूस दचकल्यासारखा दिसायचा. फ्रेंच यांनी दोन्ही उजेडांतले फोटो शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवून दिला. पुढे वर विजेचे दिवे बसवले तेव्हा कुठे चेहरा सावरला. दगड तोच होता, छिन्नीचा एक घावसुद्धा वाढवावा लागला नाही.

आणि फ्रान्सचे शिल्पकार रोदँ तर आपल्या स्टुडिओत अंधार पडल्यावर हातात दिवा घेऊन, प्राचीन व्हीनसच्या प्रतिकृतीच्या अंगावरून तो हळूहळू फिरवून दाखवायचे. सपाट वाटणाऱ्या पोटावर किती चढउतार आहेत ते तिरप्या उजेडातच कळतं. आपला टॉर्च म्हणजे तेच.

आता घरातलं थोडं गणित, मला उपयोगी पडलं ते. संग्रहालयांत दिवा उभ्या रेषेपासून साधारण ३० अंश कलता ठेवण्याची पद्धत आहे. त्याहून उभा केला तर डोळ्यांत खळगे पडतात, फार आडवा केला तर बघणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो आणि त्याचीच सावली शिल्पावर पडते. छत २.७ मीटर आणि चेहरा १.५ मीटर उंचीवर असेल तर मधलं अंतर १.२ मीटर. त्याला ०.५८ ने गुणलं की सुमारे ७० सेंटीमीटर. म्हणजे दिवा शिल्पाच्या बरोबर वर नको, ७० सेंटीमीटर पुढे हवा, आणि तिथून पुन्हा एका बाजूला सरकवलेला. समोरच्या सरळ रेषेत ठेवलात तर सगळं बरोबर मोजूनही शिल्प मेलेलंच दिसतं, हे मी करून पाहिलंय.

मुख्य दिवा एक. दुसऱ्या बाजूने अगदी मंद भर, मुख्यच्या तिसऱ्या हिश्शाइतकी किंवा त्याहून कमी, फक्त सावलीतलं काम वाचता यावं एवढी. दोन्हीकडून सारखा उजेड टाकणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. सगळं दिसतं आणि आकार मात्र नाहीसा होतो.

तुम्ही काय काय करून पाहिलंय ते लिहा. बागेतल्या, अंगणातल्या शिल्पांबद्दल तर जरूर लिहा.

तारजोड

सुंदर लिहिलंय. मी दिवे बसवण्याचं काम करतो, त्यामुळे माझ्या बाजूने थोडी भर घालतो.

दुकानात लोक वॉट विचारतात. शिल्पासाठी आधी विचारायला हवा तो बीम अँगल, म्हणजे झोत किती अंशांचा. २ मीटर अंतरावर १० अंशांचा झोत साधारण ३५ सेंटीमीटरचा गोल पाडतो, २४ अंशांचा ८५ सेंटीमीटरचा आणि ३६ अंशांचा १ मीटर ३० चा. तुमच्या ४० सेंटीमीटरच्या डोक्यावर ३६ अंशांचा दिवा लावलात तर बराचसा उजेड मागच्या भिंतीवर वाया जाणार आणि भिंतच उठून दिसणार.

दुसरं म्हणजे दिव्याच्या तोंडात बघा. पिवळसर एकच टिकली असेल (सीओबी म्हणतात त्याला) तर सावली एकच आणि स्वच्छ पडते. सात-आठ बारीक एलईडी आणि प्रत्येकीवर वेगळी लेन्स असेल तर सावलीच्या कडेला झालर येते, पायऱ्या पायऱ्या दिसतात. हाताची बोटं दिव्याखाली भिंतीसमोर धरा, लगेच कळेल. तारेचं किंवा जाळीचं शिल्प असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण तिथे भिंतीवरची सावली हे अर्धं शिल्पच असतं.

डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) घेणार असाल तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, डिमरवर चालणारा आहे का ते आधी बघा. नाहीतर कमी केल्यावर दिवा लुकलुकतो, आणि डोळ्याला नाही दिसलं तरी मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे येतात.

पिंपळपान

+१. वाचनखूण साठवली.

एक शंका. उजेडाचा रंग कुठला घ्यायचा? दुकानात ३०००, ४०००, ६५०० केल्विन असं सांगतात.

ओली माती

पिंपळपान, केल्विनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर, जितका जास्त तितका निळसर. ६५०० चा तर विचारच सोडून द्या, त्यात माती राखेसारखी दिसते. भाजलेली माती, लाकूड, ब्राँझ यांना २७०० ते ३००० बरं पडतं. पांढऱ्या संगमरवराला २७०० मध्ये पिवळट झाक येते, तिथे ३५०० किंवा ४००० पाहा. करड्या-काळ्या दगडालाही ४००० चालतं. ब्राँझवर हिरवा गंज धरवलेला असेल तर गंमत आहे. उबदार दिव्यात तो तपकिरीकडे झुकतो, थंड दिव्यात हिरवा वर येतो. कुठला हवा ते शिल्पकाराला विचारायचं, नसेल तर आपणच बघून ठरवायचं. सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) मात्र ९० च्या खाली घेऊ नका. कमी सीआरआयमध्ये लालसर छटा मरतात आणि मातीचा जीव तर त्याच छटांत असतो.

संगमरवराबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. उजेड त्याच्या पृष्ठभागावरून नुसता परत येत नाही, थोडा आत शिरतो, पसरतो आणि मग बाहेर येतो. म्हणून त्याची कातडी जिवंत वाटते. किंचित मागच्या बाजूने मंद दिवा दिलात तर कानाची पाळी, बोटांची टोकं आतून उजळल्यासारखी दिसतात. समोरून कडक झोत टाकलात की तोच दगड खडू होतो.

जतन

संग्रहालयाच्या कामाशी संबंध असल्याने एक सावधगिरीची सूचना.

दगड, धातू आणि भाजलेली माती यांना उजेडाने फारसं काही होत नाही. पण शिल्प रंगवलेलं असेल, लाकडाचं असेल, त्यात कापड, कागदाचा लगदा, चामडं किंवा पिसं असतील तर प्रकाश हळूहळू रंग खातो आणि गेलेला रंग परत येत नाही. संग्रहालयांत कागद-कापडासारख्या नाजूक वस्तूंना ५० लक्स (वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि रंगवलेल्या लाकडाला साधारण २०० लक्सपर्यंत अशी मर्यादा पाळतात. लक्स आणि तास यांचा गुणाकार महत्त्वाचा असतो. १०० लक्सखाली दहा तास म्हणजे ५० लक्सखाली वीस तास, नुकसान तेवढंच. म्हणून खोलीत कोणी नसताना दिवा बंद ठेवणं हा सर्वांत सोपा उपाय. खिडकीचं थेट ऊन तर अशा शिल्पावर येऊच देऊ नका.

आणि जुने हॅलोजन दिवे कोणाकडे असतील तर मेणाच्या, लाखेच्या कामाजवळ अजिबात नको. एलईडीच्या झोतात उष्णता फार कमी असते, पण दिव्याची पाठ तापतेच. बंद काचेच्या पेटीत दिवा आत बसवू नका, त्याचा ड्रायव्हर तर नक्कीच बाहेर हवा.

उंबरठा

माझा अनुभव बागेतला आहे आणि तो चांगला नाही. सविस्तर लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाचं नुकसान टळेल.

वडिलांच्या स्मरणार्थ अंगणात काळ्या दगडाची उभी मूर्ती बसवली. सुमारे १.८ मीटर उंच, छिन्नीचे घाव मुद्दाम ठेवलेले, कुठेही पॉलिश नाही. दिव्यांचं काम एका कंत्राटदाराला दिलं. त्याने पायथ्याला अगदी चिकटून, फरशीत गाडायचे दोन दिवे बसवले. पहिल्या रात्री पाहिलं तर पावलं डोळे दिपतील इतकी उजळलेली, गुडघ्यापर्यंत उजेड, आणि वर चेहरा? हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्या. बाबांना मी असं कधीच पाहिलं नव्हतं.

पहिल्या पावसाळ्यात काचेच्या आत धुकं धरलं. दुसऱ्यात एका दिव्यात बोटभर पाणी. खोक्यावर आयपी ६७ लिहिलं होतं. कंत्राटदाराचं म्हणणं, दिवाच खराब निघाला. खरं काय असावं?

तारजोड

उंबरठा, वाचून वाईट वाटलं. दोन्हीचं कारण सांगतो.

आधी पाणी. आयपीतला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे फवारा चालेल, ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास, ६८ म्हणजे कंपनीने सांगितलेल्या खोलीला सतत बुडालेला. पण हे झालं दिव्याच्या बाहेरच्या कवचाचं. दिवा पेटला की आतली हवा तापून फुगते, बंद केला की आकसते आणि आत ओढ निर्माण होते. ती ओढ कुठून तरी हवा घेणारच. काच घट्ट असेल तर ती वायरीतून घेते. वायरीच्या आत तांब्याच्या बारीक तारांमधून पोकळी असते, आणि बाहेरचा जॉइंट नुसता टेप मारून मातीत गाडलेला असेल तर तिथलं पाणी त्या पोकळीतून थेट दिव्यात चढतं. दहातल्या आठ वेळा दिवा चांगला असतो, जॉइंट वाईट असतो. जेल भरलेला किंवा रेझिन ओतलेला जॉइंट हवा, आणि खड्ड्याच्या तळाला खडी टाकून पाणी निचरून जायला वाट हवी. तुमच्याकडे जॉइंट उकरून बघा, मला वाटतं टेपच निघेल.

बाहेरच्या सर्किटला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर उद्याच लावून घ्या, ही गोष्ट पुढे ढकलायची नाही. शक्य असेल तिथे १२ किंवा २४ व्होल्टचे दिवे वापरा. फक्त लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि शेवटचा दिवा मंद होतो, म्हणून वायर जाड घ्या.

आता चेहरा. दिव्यापासून पाऊल अर्ध्या मीटरवर आणि चेहरा २ मीटरवर असेल तर अंतर चौपट आणि उजेड सोळावा हिस्सा. त्यामुळे पायथ्याला चिकटलेला दिवा कितीही मोठा केला तरी पावलंच उजळणार.

ओली माती

उंबरठा, माझं ऐकाल तर पायथ्याचे दिवे विसरा. दिवसा सूर्य वरून येतो आणि शिल्पकाराने चेहरा त्याच हिशोबाने घडवलेला असतो. भुवईची कड, ओठाखालची खाच, हे सगळं वरच्या उजेडासाठी कोरलेलं असतं. खालून दिवा दिला की जिथे सावली हवी तिथे उजेड आणि उजेड हवा तिथे सावली.

जवळ घराची भिंत, गच्चीचा कठडा किंवा खांब आहे का? तिथून अरुंद झोताचा एक दिवा वरून तिरपा द्या. मूर्तीची मान जिकडे वळलेली आहे त्याच बाजूने, नाहीतर चेहरा स्वतःच्याच सावलीत बुडेल. उंचीवर जागाच नसेल तर जमिनीवरचा दिवा निदान मूर्तीच्या उंचीइतका लांब न्या, म्हणजे पावलं आणि चेहरा यांच्यातला फरक पुष्कळ कमी होतो.

काळ्या दगडाचं अजून एक दुखणं असतं. तो उजेड पितो, आणि मागे अंधार असेल तर मूर्तीच्या कडा त्या अंधारात विरून जातात. अशा वेळी मूर्तीवरचा दिवा वाढवत नेण्यापेक्षा मागच्या भिंतीवर किंवा झुडपांवर मंद उजेड टाका. बाह्यरेषा आपोआप कापून काढल्यासारखी दिसते. तुमच्या मूर्तीवर छिन्नीचे घाव आहेत म्हणता, तर मुख्य दिवा बऱ्यापैकी बाजूला घ्या. प्रत्येक घावाला स्वतःची बारीक सावली मिळेल. वडिलांचा चेहरा परत येईल, खात्री आहे मला.

काजवा

बाहेरच्या दिव्यांचा विषय निघालाच आहे तर रात्रीच्या जीवांच्या बाजूने बोलते.

पतंग आणि बरेचसे कीटक निळ्या आणि अतिनील प्रकाशाकडे जास्त ओढले जातात. म्हणून बागेत २७०० केल्विन किंवा त्याहून उबदार दिवा घ्या. वर आकाशाकडे तोंड केलेला दिवा शिल्पावर थोडाच पडतो, उरलेला सगळा आभाळात जातो. वरून खाली टाकलेला, शिल्पापुरता कापलेला झोत पाखरांनाही बरा आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांनाही. टायमर लावा. मध्यरात्री शिल्प बघायला कोणी नसतं, पण झाडावर झोपलेले पक्षी असतात.

कीटक कमी आले की कोळ्यांची जाळीही कमी होतात. दिव्याच्या काचेवर जाळं लागलं की त्याची सावली थेट शिल्पाच्या अंगावर पडते, हे मी स्वतः पाहिलंय.

तारजोड

काजवाताई, अगदी खरं. बाहेरच्या शिल्पाभोवती लोक गोल फिरतात, म्हणून एका बाजूचा दिवा पलीकडे उभ्या असलेल्याच्या डोळ्यांत जातो. दिव्याच्या तोंडावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी मिळते, हनीकोम्ब लूव्हर, ती लावाच. थोडा उजेड कमी होतो, पण दिवा दिसत नाही आणि शिल्प दिसतं.

चकाकी

मी इथे नवीन आहे. आमच्या कार्यालयाच्या प्रवेशदालनात आरशासारखं पॉलिश केलेल्या स्टीलचा पक्षी आहे, पंख पसरलेला, ९० सेंटीमीटर लांब. त्यावर चार स्पॉट लावले आहेत. दिसतं काय, तर चार पांढरे ठिपके आणि बाकी सगळा काळा. पाचवा लावावा का?

ओली माती

चकाकी, पाचवा लावलात तर पाच ठिपके दिसतील! तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यांत अवघड आहे.

माती किंवा खडबडीत दगड आपल्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून त्यावर दिवा टाकला की तो उजळतो. पॉलिश केलेलं स्टील तसं करत नाही. ते आजूबाजूला जे आहे ते दाखवतं. दिवा छोटा आणि प्रखर असेल तर छोटा प्रखर ठिपका दाखवतं, अंधारी खोली असेल तर अंधार. म्हणजे पक्ष्यावर उजेड टाकून उपयोग नाही, त्याच्याभोवती उजळलेलं मोठं काहीतरी हवं, ज्याचं प्रतिबिंब त्याच्या अंगावर पसरेल. चारातले दोन दिवे बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा, उरलेले दोन बंद करा. भिंत दूर असेल तर एका बाजूला पांढरा मोठा पडदा किंवा बोर्ड. दुसरी बाजू मुद्दाम काळोखी ठेवा. पांढऱ्याकडून काळ्याकडे जाताना धातूवर जे उतार पडतात त्यांतूनच पंखाचा आकार वाचता येतो.

काही विकत घेण्याआधी पांढरी चादर आणि टॉर्च घेऊन एका संध्याकाळी करून पाहा. एकाने चादर धरायची, एकाने तिच्यावर टॉर्च मारायचा, तिसऱ्याने बघायचं.

पिंपळपान

अवांतर: म्हणजे इटलीचा शिल्पकार बर्निनीने केलं तेच. रोमच्या सांता मारिया देल्ला व्हिक्टोरियामधलं संत तेरेसाचं शिल्प (१६४७ ते १६५२). तिथेही उजेडाची खिडकी वर दडवलेली आहे, बघणाऱ्याला ती दिसतच नाही. उजेड खाली उतरतो तो मागच्या सोनेरी किरणांवरून.

ओली माती

पिंपळपान, अजिबात अवांतर नाही. शिल्प घडवतानाच उजेडाची जागा ठरवलेली, आणि तीही विजेच्या कितीतरी आधी. ते किरण म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या नुसत्या काठ्या आहेत, पण वरून उजेड आला की त्या खरोखर वरून बरसतात. मी त्यांचे फोटो तासन्‌तास बघत बसते.

उंबरठा

धागा वर काढतोय.

जॉइंट उकरला. टेपच होती, आत तांबं हिरवं पडलेलं. पायथ्याचे दोन्ही दिवे काढले. आता गच्चीच्या कठड्यावरून एक १५ अंशांचा दिवा, २७०० केल्विन, जाळी लावून, आणि मागच्या कुंपणाच्या भिंतीवर एक अगदी मंद पट्टी. दहा वाजता दोन्ही आपोआप बंद होतात. काल आई बाहेर खुर्ची टाकून बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, चष्म्याची दांडी कानावर कशी बसायची ते आता दिसतंय.

तारजोड, ओली माती, मनापासून आभार.

चकाकी

चादरीचा प्रयोग केला, तिघं मिळून. पंखाला मधे एक पीळ आहे हे दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं! पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या सगळ्या छटा त्या पिळावरून वळत जातात. एकच अडचण राहिली. दाराजवळच्या एक्झिटच्या हिरव्या पाटीचं प्रतिबिंब बरोबर पोटावर येतं. पाटी तर काढता येणार नाही.

ओली माती

पाटीला हात लावू नका. पक्षी फिरवा. चौथऱ्यावर दहा-पंधरा अंश फिरवला की प्रतिबिंब पोटावरून घसरून कडेला जाईल.

चकाकी

फिरवला. पाटी आता शेपटीखाली गेली, वाकून पाहिलं तरच दिसते.